मदत हवी आहे : सारणीत दुप्पट दिसणारे फल (function) सहाव्या बिंदूला चुकते

नियम, सारणी आणि आलेख ही एकाच फलाची रूपे आहेत, हे दहावीच्या मुलांना दाखवण्यासाठी मी वर्तुळावरील बिंदू जीवांनी जोडून आतले भाग मोजायला दिले. 1 ते 5 बिंदूंना 1, 2, 4, 8, 16 भाग मिळाले, त्यामुळे मुलांनी ‘दर वेळी दुप्पट’ असा नियम लिहून टाकला. सहा बिंदूंना मात्र 32 ऐवजी 31 भाग येतात. तीन जीवा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेऊन आकृती दोनदा काढली. आलेखाचाही उपयोग झाला नाही, कारण आलेखावरचे पहिले पाच बिंदू दुप्पटीच्या आणि खऱ्या अशा दोन्ही नियमांवर तंतोतंत बसतात. खरा नियम चौथ्या घाताची बहुपदी आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु मुलांना संचय (combinations, म्हणजे काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात ते मोजणे) शिकवलेले नाहीत. तेव्हा प्रत्येक नवी जीवा किती भाग वाढवते, एवढ्याच निरीक्षणावरून त्यांना हा नियम कसा काढता येईल?