मदत हवी आहे : मंडळीतल्या प्रतिपालक कुटुंबाला नेमका आधार कसा द्यावा?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका जोडप्याकडे दोन महिन्यांपूर्वी फॉस्टर केअरमधली, म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून काही काळ दुसऱ्या कुटुंबाने सांभाळायची, दोन भावंडं आली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. रात्री फोन आला आणि तासाभरात मुलं दारात. दोघांत मिळून एक पिशवी, त्यातले मुलीचे कपडे आखूड झालेले.

पहिला आठवडाभर मंडळी धावून आली. फ्रिजचं दार लागेना इतके डबे, खेळणी तर विचारू नका. मग शुकशुकाट. खरी ओढाताण आत्ता चालू आहे. धाकटा रात्री तीनतीनदा उठतो, उशीखाली बिस्किटं लपवतो. आईला भेटून आली की थोरली दोन दिवस बोलत नाही. परवा उपासनेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "मला काही नको, दोन तास झोपू द्या."

त्यात आमच्याकडून एक घोळ झाला. प्रार्थनेच्या विनंत्या सांगताना एकाने मुलांच्या आईच्या व्यसनाचा उल्लेख केला. मुलगी दुसऱ्याच रांगेत होती. तिने खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही. रविवारशाळेचा फोटोही ग्रुपवर गेला होता, तो मी काढायला लावला.

आता माझे प्रश्न. मुलं सांभाळायला तीन-चार जणांची पडताळणी आधीच करून ठेवावी म्हणते. दर वेळी नवा चेहरा नको. कुणी असं केलंय का?

दुसरं, मुलं आईकडे परत जावीत यासाठीच ही सोय आहे, तरी लोक ताईंना "देवाने तुम्हालाच दिली" म्हणतात. यांना कसं थांबवायचं? त्या आईसाठी मंडळीने काही करावं का?

तिसरं, मुलांचं घर वेगळ्या धर्माचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातलं कलम 20 सांगतं की अशा मुलांची धार्मिक, भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. आमच्यातले काहीजण मात्र बायबलची वचनं पाठ करून घ्यायला निघालेत. मला ते पटत नाही, पण वडीलधाऱ्यांना सांगायचं कसं?

प्रतिसाद : आम्ही स्वतः प्रतिपालक आहोत. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, दमलेला माणूस सांगत नाही. "मंगळवारी धुणं मी नेते" असं थेट म्हणा. आईबद्दल आधी मुलांच्या समाजसेविकेला विचारा. आमच्याकडे एक आजी भेटीच्या दिवशी मुलाच्या आईसोबत बाहेर बाकावर बसायच्या, एवढंच. आणि विनंत्या वाचायच्या आधी ताईंना दाखवा.

धागाकर्ती : धुण्याचं सुचलंच नव्हतं. मंगळवार माझा.