पोहणं झकास, पण हाडांचं काय?

वर एकांनी लिहिलंय, 'तारकर्लीला रोज तासभर पोहतो, हाडांची चिंता मिटली.' हृदयाची मिटली असेल. पाणी अंग उचलून धरतं, मग हाडावर भार येणार कुठून?

हाड म्हणजे आपला जांभा चिरा समजा, फक्त भोकं सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. त्यांत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बसलेल्या, बारीक नळ्यांतून एकमेकींना हात लावून. पाऊल आपटलं की हाड अगदी किंचित वाकतं, नळ्यांतलं पाणी सरकतं आणि पेशींना ते कळतं. मग त्या स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी सोडतात. ते म्हणजे हाडबांधणीचा ब्रेक. तो सैल झाला की नवं हाड चढतं.

पण पाणी हलायला भार बदलता हवा. डोक्यावर पाटी घेऊन नुसतं उभं राहून फारसं काही होत नाही, ती घेऊन पाखाडी चढावी लागते. भारच गेला तर? अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते.

आमचा मामा माडावरून पडला, दीड महिना प्लास्टर. काढल्यावर वाळलेली पोटरी सगळ्यांनी बघितली. विरळ झालेलं हाड मात्र एक्सरेतच दिसलं.

तेव्हा पोहा बिनधास्त, पण घरी येताना रिक्षा नको. (हाडं आधीच ठिसूळ असतील तर उड्याबिड्या डॉक्टरांना विचारूनच.)