टेकन: एक पांडा जिंकला म्हणून अवजड पात्रं स्पर्धेत चालतात?

मधलाबोळ

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या ग्रुपवर एका नव्या मुलाने विचारलं, "कुमा शिकू का?" (कुमा आणि पांडा ही खेळातली दोन अस्वलं.) तर तिघांनी तासाभरात एकच उत्तर दिलं: "रँगचूने पांडावर वर्ल्ड टूर मारली, शीक बिनधास्त." हे उत्तर आता ऐकवत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: डिसेंबर २०१८, ॲमस्टरडॅम, टेकन ७ च्या वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा. दक्षिण कोरियाच्या रँगचूने पांडा घेतला होता. शेवटच्या लढतीत समोर आदल्या वर्षीचा विजेता कुदान्स, डेव्हिल जिन हे पात्र घेऊन. पांडाने किताब नेला. खेळ भारीच होता, त्यावर दुमत नाही. पण त्या एका ट्रॉफीवर गेली कित्येक वर्षं लोक 'अस्वलं चालतात' असं सांगत सुटलेत, ते मला पटत नाही.

जड पात्राचा सौदा काय असतो? तू हळू, तू मोठा, तुला मारणं सोपं, म्हणून बदल्यात तुला काहीतरी जास्त मिळणार. स्ट्रीट फायटर ६ या दुसऱ्या मारामारीच्या खेळात अवजड झांगीफला ११,००० हेल्थ (मार खायची क्षमता) आहे, बहुतेकांना १०,०००, अकुमाला ९,०००. तशाच स्मॅश अल्टिमेटमध्ये बाउझरचं वजन १३५ आणि पिचूचं ६२, त्यामुळे एकाच फटक्याने पिचू स्टेजबाहेर उडतो तिथे बाउझर उभा असतो. टेकन ७ मध्ये अस्वलाला किती हेल्थ? सडपातळ शाओयूला जितकी तितकीच. धिप्पाड जॅकला, गिगासला, सगळ्यांना सारखीच.

म्हणजे किंमत पूर्ण भरायची आणि माल घरी यायचा नाही. किंमत तरी केवढी ते बघा. टेकन बाजूला सरकून खेळायचा खेळ. सरळ रेषेत येणारा फटका शाओयू एका साइडस्टेपमध्ये चुकवते. पांडाने तोच साइडस्टेप त्याच क्षणाला घेतला तरी खांद्याला, पाठीला कुठेतरी लागतंच, कारण शरीरच तेवढं रुंद. आणि एकदा लाँच झाला, म्हणजे हवेत उडवला गेला, की त्या धुडावर फटका चुकणंच अवघड. जे कॉम्बो (सलग फटक्यांच्या साखळ्या) इतरांवर मधेच तुटतात ते अस्वलावर नीट बसतात. फक्त अस्वलावरच चालणारे कॉम्बो लोकांनी वेगळे शोधून ठेवलेत. हा अन्याय नाही तर काय?

खडकी_जॅब

असहमत. स्पर्धेत चालतं की नाही याची परीक्षा स्पर्धा जिंकणं हीच ना? पांडा ती पास झाला. आता प्रश्नपत्रिका बदलू नका.

पुन्हा_एकदा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मधलाबोळ

@खडकी_जॅब, परीक्षा रँगचू पास झाला. वर्षानुवर्षं अस्वलंच खेळलेला माणूस तो. रँगचू सोडला तर दुसऱ्या कुणी अस्वलावर तो किताब घेतलेला नाही. पात्र खरंच चालत असतं तर त्यानंतर झुंबड उडायला हवी होती. लिरॉय हे नवं पात्र आलं तेव्हा काय झालं आठवा: जानेवारी २०२० च्या एव्हो जपान या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठात सहा लिरॉय. ताकद दिसली की व्यावसायिक खेळाडू आदल्या रात्री मेन, म्हणजे आपलं नेहमीचं पात्र, बदलतात. पांडाकडे कोण वळलं?

साखरभात

मला वाटतं तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय. एक विचारतोय "जिंकता येतं का", दुसरा विचारतोय "तेवढ्याच मेहनतीत दुसऱ्या पात्रावर जास्त मिळालं असतं का". माझ्या मते व्यावसायिकाला दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि नव्या मुलाला दोन्ही नाहीत. त्याला पांडा आवडला असेल तर खेळू द्या की.

उलटा_क्वार्टर

मी गावातल्या छोट्या स्पर्धांमध्ये पांडा खेळतो, त्यामुळे दोन पैसे माझेही. (इथे 'खेळतो' म्हणजे बहुतेकदा हरतो.)

लोकांना अस्वलाशी खेळायची सवय नसते, हा फायदा खरा आहे आणि तो कसा संपतो हे मी अगदी जवळून बघितलंय. हंटिंगमध्ये, म्हणजे चार पायांवर, पांडा उतरला की उंच फटके डोक्यावरून निघून जातात. एका कॅफेत समोरचा मुलगा चांगला खेळणारा होता. पहिला पूर्ण गेम तो जॅब (उंच, झटपट ठोसा) मारत राहिला. जॅब वरून जायचा, मी खालून उठून मारायचो. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या गेमच्या आधी मागे उभा असलेला त्याचा दोस्त वाकून म्हणाला, "अरे वर काय मारतोस, मिड मार." (मिड म्हणजे मधल्या उंचीचा फटका.) बस. तेवढ्या चार शब्दांनंतर हंटिंगमध्ये उतरायची माझी हिंमत झाली नाही. पुढचे दोन्ही गेम त्याने घेतले आणि मी घरी.

दोन गेम जिंकायच्या लढतीत आश्चर्याचं भांडवल एखाद्या वेळेस पुरतं. तीन जिंकायच्या लढतीत ते मधेच संपतं. रँगचूचं भांडवल संपलं नाही, कारण ते आश्चर्याचं नव्हतंच.

मधलाबोळ

+१. हेच म्हणतोय मी. अनोळखीपणा हा पात्राचा गुण म्हणून धरायचा नसतो.

खडकी_जॅब

थांबा थांबा. उलटा_क्वार्टर यांची शेवटची ओळ तुमच्या बाजूची नाही, माझ्या बाजूची आहे. नीट वाचा.

कुदान्स अनोळखी होता का? दोघेही कोरियाचे. कोरियात टेकन ७ आर्केडवर २०१५ पासून. एकाच वर्तुळात खेळणारी, एकमेकांच्या सवयी पाठ असलेली माणसं. पांडा काय करतो हे जगात कुणाला कळत असेल तर याच लोकांना. तरी पांडा जिंकला. 'लोकांना मॅचअप (त्या पात्राशी कसं लढायचं ते) माहीत नव्हता' हे कारण जगातल्या सगळ्या स्पर्धांना लावा, त्या अंतिम लढतीला लावू नका.

शिवाय अनोळखीपणाचंच म्हणाल तर २०१९ च्या सुरुवातीला अर्सलान ॲशने एव्हो जपान मारली तेव्हाही लोक हेच म्हणत होते, की पाकिस्तानी खेळाडूंची शैली कुणी पाहिली नव्हती म्हणून. मग त्याच ऑगस्टमध्ये त्याने अमेरिकेतली मोठी एव्हो मारली, अंतिम सामन्यात नी या कोरियन खेळाडूला हरवून. २०२३ मध्ये परत मारली. किती वर्षं अनोळखी राहणार माणूस?

मधलाबोळ

अर्सलानने ती २०१९ ची एव्हो काझुमी या पात्रावर जिंकली. काझुमी! आटोपशीर शरीर, साधे पण खात्रीचे फटके. तुम्ही माझंच उदाहरण मला देताय.

बाराखडी_फ्रेम

मूळ मुद्द्याकडे. 'जड' हा एकच गठ्ठा धरल्यामुळे गोंधळ होतोय. धागाकर्त्याने फक्त अस्वल आणि गिगास डोळ्यांपुढे ठेवलेत, म्हणून सगळं अंधारलेलं दिसतंय. इतर जाडजूड मंडळी बघा:

जॅक-७. एव्हो २०१७ मध्ये सेंट हा खेळाडू दुसरा आला तो जॅकवर. जॅकलाही साइडस्टेप जमत नाही, पण त्याला तो फारसा लागत नाही. हात एवढे लांब की समोरचा जवळ येईपर्यंत दोन फटके खाऊन येतो.

बॉब. टेकन ६ मध्ये आला तेव्हा सगळ्यात वरच्या चार-पाच पात्रांत होता. अंगाने गोल गरगरीत आणि पायाने चपळ. पात्राची सगळी कथाच ती, वेग न गमावता मुद्दाम वजन वाढवलेला माणूस.

फाकुमराम. मार्च २०२० मध्ये डीएलसीतून (नंतर वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भरीतून) आला. उंचीने बाकीच्यांच्या डोक्यावर. आल्या आल्या एवढा जबरदस्त होता की लोकांनी 'नर्फ करा' (ताकद कमी करा) म्हणून आकाशपाताळ एक केलं आणि पुढे तो नर्फ झालाही.

तिघांची शरीरं मोठी, हेल्थ सगळ्यांइतकीच. तरी चालले. म्हणजे रुंदीमुळे पात्र मरत नाही. रुंद शरीर देऊन हातात काही दिलं नाही की मरतं. गिगासचं तेच झालं: शरीर राक्षसाचं आणि भरवसा पकडून मारायच्या फेकींवर, ज्या टेकनमध्ये बटण ओळखून तोडता येतात. झांगीफची फेक तोडता येत नाही, म्हणून त्याचं दुकान चालतं. गिगासला धंदा तोच दिला, पण कुलपाची किल्ली समोरच्याच्या हातात.

साखरभात

हा प्रतिसाद आवडला. फेकीचं हे कारण मी आधी ऐकलं नव्हतं. एक शंका: मग बनवणारे टेकनमध्ये जाड पात्रांना थोडी जास्त हेल्थ देऊन मोकळे का होत नाहीत?

बाराखडी_फ्रेम

माझा तर्क: टेकनमध्ये एका लाँचरवर, भिंत जवळ असेल तर, हेल्थची अर्धी पट्टी सहज जाते. राऊंड तीन-चार मोठ्या घटनांत संपतो. तिथे एकाला दहा टक्के जास्त दिली तर बऱ्याचदा समोरच्याला अख्खी एक संधी जास्त शोधावी लागेल. स्ट्रीट फायटरमध्ये हेच दहा टक्के इतके बोचत नाहीत. लांबी आणि मार वाढवून भरपाई करणं सोपं, मोजून करता येतं.

मधलाबोळ

बाराखडी_फ्रेम, मुद्दा मान्य नाही, पण भांडायला मजा येतेय. फाकुमराम आणि लिरॉय हे डीएलसी विकायच्या दिवसांतले लाड होते. त्यावरून 'मोठं शरीर चालतं' हे सिद्ध होत नाही, 'विकायचं असेल तर कुठलंही शरीर चालवता येतं' एवढंच होतं. नर्फ झाल्यावर पहिल्यासारखी गर्दी राहिली का? बॉबही ६ मधला, ७ मधल्या बॉबचं नाव तुम्ही घेतलं नाहीत हे माझ्या लक्षात आलंय.

सेंट आणि जॅक मात्र मी मानतो. पण तिथेही बघा, जॅक जिंकतो तो समोरच्याला जवळ न येऊ देऊन. म्हणजे आपलं शरीर लढाईपासून लांब ठेवून! वजनाचा उपयोग शून्य. ते ओझं लपवायची युक्ती म्हणजे लांब हात.

खडकी_जॅब

मग शाओयूची युक्ती काय? तिचे हात आखूड, म्हणून ती वाकते, वळते, पाठ दाखवते. तिचं आखूडपण लपवण्यासाठी तिला दिलेली ती सोय. प्रत्येक पात्र आपलं काहीतरी लपवूनच खेळतं. जाड पात्राने लपवलं की तेवढं 'युक्ती' का म्हणायचं?

गल्लीतला_हेहाची

तुम्ही सगळे ७ मध्ये अडकलात. ८ येऊन झाला जानेवारी २०२४ मध्ये. कुमा, पांडा, जॅक-८ तिघंही पहिल्या दिवसापासून आहेत. आणि ८ मध्ये सगळ्यांचीच ओरड होती की साइडस्टेप चालत नाही, फटके सरकणाऱ्याच्या मागोमाग वळतात. आता हिशेब करा. सडपातळ पात्राचा सगळ्यात मोठा फायदा कमी झाला, म्हणजे अस्वलाचं तुलनेने नुकसान कमी झालं. पूर्वी शाओयू चुकवायची आणि पांडा खायचा. आता दोघंही खातात.

उलटा_क्वार्टर

हाहा, समाजवाद आला म्हणायचा.

मधलाबोळ

गल्लीतला_हेहाची, बुद्धीला धरून आहे, पण अर्धंच. ८ मध्ये हीट आली, म्हणजे थोडा वेळ जास्त ताकद देणारी अवस्था. समोरचा हीट लावून भिंतीकडे रेटत नेतो, ब्लॉक केलं तरी थोडी थोडी पट्टी जाते. भिंतीला टेकल्यावर बाजूला निसटायची जी एक फट मिळते ती शाओयूला पुरते, पांडाला पुरत नाही. उघड्या मैदानात फरक कमी झाला असेल, भिंतीपाशी तो वाढला. आणि ८ मधले निम्मे राऊंड भिंतीपाशीच संपतात असं माझं मत आहे.

खडकी_जॅब

मत मत किती दिवस? रविवारी रात्री नऊ वाजता मी पांडा घेऊन बसतो, तुम्ही शाओयू घ्या. आधी दहा गेम जिंकेल तो. दहापर्यंत गेलं म्हणजे 'सवय नव्हती' हे कारणही उरणार नाही, पहिल्या चार गेममध्ये तुमचं सगळं बघून होईल.

मधलाबोळ

चालेल. पण तुम्ही मागच्या वेळी वायफायवर होतात, पांडा एका जागी थांबून दुसऱ्या जागी उगवत होता. केबल लावा.

पुन्हा_एकदा

पॉपकॉर्न संपले. रविवारपर्यंत आणतो.