अनुभव धागा : फोनशिवाय तुमचं काय अडतं?

मोबाईल चांगला की वाईट, या वादासाठी हा धागा काढलेला नाही. तो वाद पुष्कळ झाला. मला एवढंच विचारायचं आहे : गेल्या दहा-पंधरा वर्षांत रोजची कोणती कामं आपण फोनवर सोपवली, आणि त्यातल्या कोणत्या कामांची जुनी वाट बंद झाली?

लोकलचं तिकीट फोनवर निघतं, ही सोय. खिडकीवरही मिळतं तोवर ती सोयच राहते. पण काही कामांना आता खिडकीच उरलेली नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं (ते चालवणारी एनपीसीआय आपल्याच वांद्रे-कुर्ला संकुलातली), तेव्हा सुट्ट्या पैशांची कटकट मिटली म्हणून मी फार खूश होते, आजही आहे. मात्र मध्यंतरी दादरला एका दुकानात एका आजींनी नोट पुढे केली आणि काउंटरवरचा मुलगा "फक्त ऑनलाइन" म्हणाला. आजींकडे बटणांचा फोन. वस्तू तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. चलनातली नोट या शहरात चालत नाही, हे मला सहन झालं नाही.

तुमचे, आई-वडिलांचे, शेजाऱ्यांचे, कामावरचे अनुभव लिहा. दुकान, बँक, कंपनी यांची नावं नकोत. फोनने काही मिळवून दिलं असेल तर तेही तितक्याच मोकळेपणाने लिहा.

डोंबिवली, रोजचा लोकल प्रवासी

आधी कुपनं होती, स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायची. मग स्मार्टकार्ड, मग मोबाईल तिकीट. तिकिटाच्या रांगेत गेलेला वेळ आठवला की फोनचे आभारच मानावेसे वाटतात. पण बॅटरी संपली आणि टीसीला तिकीट दाखवता आलं नाही, तर पैसे भरलेले असूनही आपण विनातिकीट. किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. म्हणून आमच्या डब्यात आता डब्याच्या पिशवीइतकीच पॉवर बँक सगळ्यांकडे असते. कोणाची बॅटरी उतरलेली दिसली की न मागता वायर पुढे येते. आमच्या ट्रेन ग्रुपवर पहाटेच "आज ठाण्याच्या पुढे गाड्या बंद" असा मेसेज येतो, तोही मोलाचा.

वरळी कोळीवाडा

माझी आई मासळी विकते. पहाटे माल आणायचा, मग दुपारपर्यंत बाजारात बसायचं. लग्न झाल्यापासून हेच. तिच्या पाटीपुढे क्यूआर कोडचा स्टिकर लागला तो भावाच्या नावाचा, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे होता आणि खातंही त्याच्याच नंबरला जोडलेलं. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

हळूहळू लक्षात आलं की आईच्या कमरेच्या पिशवीत पैसेच येत नाहीत. आधी दिवसाची कमाई तिच्या हातात असायची. बर्फवाला, हमाल, भिशी, नातवंडाला खाऊ, सगळं ती स्वतः द्यायची. आता गिऱ्हाईक पापलेट घेऊन "मावशी, टाकले" म्हणतं आणि पैसे भावाच्या खात्यात जातात. माल मात्र रोखीने घ्यायचा, बर्फ रोखीने, हमाली रोखीने. म्हणजे विक्री फोनवर आणि खरेदी नोटांवर. मग रोज संध्याकाळी मुलाकडे पैसे मागायचे. भाऊ चांगला आहे, कधी नाही म्हणत नाही. तरी आई एकदा म्हणाली, "दिवसभर बसते मी आणि संध्याकाळी हात रिकामा." हे ऐकून मला झोप लागली नाही.

आम्ही तिच्या नावाने वेगळं खातं काढलं, त्याला तिचाच मोबाईल नंबर जोडला, तिच्याच नावाचा नवा क्यूआर लावला आणि आवाज देणारा डबा घेतला. तिला वाचता येत नाही, पण डबा मराठीत रक्कम बोलतो आणि तिचा हिशोब आजही तोंडीच आहे. पैसे काढायला एटीएमला मी सोबत जाते. ज्यांच्या आया, सासवा, मावश्या बाजारात बसतात त्यांनी एकदा बघून घ्या, पाटीपुढचा कोड नक्की कोणाच्या खात्याचा आहे. हे खरंच करा.

चेंबूर, दृष्टिहीन वाचक

वरचं सगळं मान्य, पण माझी बाजू थोडी वेगळी आहे. हा प्रतिसाद मी फोनला बोलून लिहितो आहे, आणि तुम्ही लिहिलेलं फोननेच मला वाचून दाखवलं.

नोटबंदीनंतर नव्या नोटा आल्या तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, शंभराची १४२. चार मिलिमीटरचा फरक घाईत बोटांना कळत नाही, नोट चुरगळलेली असेल तर अजिबातच नाही. रिक्षावाल्याने परत दिलेली नोट कितीची, हे त्यालाच विचारायचं! १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचं ॲप आणलं. नोटेसमोर कॅमेरा धरला की ते रक्कम सांगतं, इंटरनेटही लागत नाही. पुढे यूपीआयमुळे नोटा चाचपणंच कमी झालं. डोळस माणसांना ज्याचा जाच होतो, त्याच फोनमुळे मी एकटा बाहेर पडतो, पगार स्वतः बघतो, पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेत नाही.

मला त्रास कुठे होतो तेही सांगतो. नुसत्या काचेचं, न बोलणारं टचस्क्रीन मशीन लावलं आणि शेजारचा माणूस काढून घेतला, की मी संपलो. बटणं होती तेव्हा ती हाताला लागत तरी. ॲप बनवणाऱ्यांनी प्रत्येक बटणाला नाव दिलं तर फोन मला ते वाचून दाखवतो, नाव दिलं नाही तर नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. थोडं लक्ष दिलं असतं तरी हे टळलं असतं. तेवढंही देत नाहीत, याचा मला राग आहे.

(धागाकर्ती) तुमचा प्रतिसाद वाचून माझा प्रश्न अपुरा होता हे कळलं. वाट बंद झालेली लिहा, तशी नव्याने उघडलेलीही लिहा.

भांडुप, रायडर

मी घरपोच सामान पोचवतो. आम्हाला ऑर्डर, पत्ता, पैसे, हजेरी सगळं फोनवरच. मॅपवर सरळ रेघ दिसते, प्रत्यक्षात टेकडीवर पायऱ्या असतात, गाडी खाली लावून चढायचं. ॲपला पायऱ्या कळत नाहीत, वेळ मात्र मोजतो. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा लागतो, ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही, आणि मधेच सेल्फी मागतात, तो पाठवल्याशिवाय पुढची ऑर्डर येत नाही. माझा फोन एकदा पाण्यात गेला. दुरुस्त होऊन येईपर्यंत गाडी होती, हातपाय होते, काम नव्हतं. आयडी बंद झाला तर बोलायला माणूस नाही, चॅटवर ठरलेली उत्तरं येतात. माझं मागणं मोठं नाही. तक्रार ऐकायला एखादं ऑफिस असावं, तिथे कोणीतरी बसलेलं असावं.

बोरिवली

आमच्या सोसायटीत पाहुणा आला की ॲपवर होकार द्यावा लागतो. एका रविवारी घरातले फोन बंद ठेवायचे असं सगळ्यांनी ठरवलं, आणि माझी सख्खी आत्या गेटवर उभी राहिली. वॉचमन तिला चांगला ओळखतो. तरी त्याला सोडता येईना, कारण त्याची नोकरी. शेवटी तो स्वतः वर येऊन विचारून गेला. नंतर मीटिंगमध्ये विषय काढला आणि गेटवर पुन्हा इंटरकॉम सुरू केला. म्हाताऱ्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

विलेपार्ले पूर्व

माझ्या मावशीला व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही." मावशी शिक्षिका होती, पेपर वाचते, भोळी बिलकूल नाही. तरी ती खुर्चीत बसून राहिली आणि एफडी मोडायच्या तयारीला लागली. घरकामाच्या ताई नेहमीच्या वेळेला आल्या, त्यांना तिचा चेहरा बघून शंका आली आणि त्यांनी शेजारच्या काकांना हाक मारली. काकांनी फोन कट केला. पैसे वाचले.

नंतर आम्ही तिला विचारलं, विश्वास कसा बसला? ती म्हणाली, "केवायसी फोनवर, बँक फोनवर, वीजबिल फोनवर. मग पोलीस फोनवर आले तर खोटे का वाटावेत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वी बँकेत ओळखीचे साहेब होते, शंका आली तर ती त्यांच्याकडे जात असे. आता शंका विचारायची तीही फोनलाच.

सगळ्यांसाठी : डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

परळ, टेलिफोन खात्यातून निवृत्त

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कामावर होतो. मोबाईल लागत नव्हते, वीज गेलेली, पण पाणी शिरलं नव्हतं अशा भागांत तांब्याच्या तारेवरचे पुष्कळ लँडलाइन चालू होते. कारण साधं आहे. त्या फोनला घरची वीज लागायचीच नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तारेतूनच घरी यायचे. आता फायबरवरच्या फोनला घरात वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि आमच्या चाळीत वायफाय, फायबरचा फोन एकदम गप्प. फायबर वेगवान आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी राउटरला छोटा बॅकअप जोडा, आणि दोन-तीन नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

गोवंडी, पालिका शाळेत शिक्षिका

करोनात मुलांच्या घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर. माझा वर्ग रात्री जेवणानंतर भरायचा, एकेका मुलाला फोन करून. आज शाळा भरते, पण सूचना अजूनही ग्रुपवरच जातात. रिचार्ज संपला, नंबर बदलला की ते घर आमच्यासाठी दिसेनासं होतं. मी फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेते. सोबतच्या काही जणींना हे मागासलेलं वाटतं. मी बंद करणार नाही.

गिरगाव

वडील ब्याऐंशीचे, पेन्शनर. हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे उमटत नाहीत, रेषाच झिजल्यात. ओटीपी जातो धाकट्या भावाला, तो परदेशात, इथे दुपार तेव्हा तिथे मध्यरात्र. जिवंत माणूस समोर बसलेला असताना "मॅच होत नाही" ऐकावं लागतं. कोणाला काही मार्ग माहीत आहे का?

(धागाकर्ती) हो, आहे. केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नका. राज्य सरकारचे असतील तर तारीख कोषागारात विचारा. ठसे जुळत नसतील तर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आहे, साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यावर होतं. उजेड समोरून येईल असं बसवा आणि चष्मा काढा. तेही जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क लागतं, जवळच्या पोस्टात नाव नोंदवा. आणि शाखेत जाऊन कागदावर सही करून देण्याचा मार्ग अजून बंद झालेला नाही. काउंटरवर "आता सगळं ऑनलाइन" म्हणाले तरी फॉर्म मागून घ्या. आधी भावाच्या जागी तुमचा नंबर खात्याला जोडून घ्या, त्यासाठी वडिलांना एकदा शाखेत न्यावं लागेल. गिरगावातच असाल तर मी सोबत येते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.