ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, पुढच्या डिस्क आणि बेअरिंग एकदमच बदलू का?

जुनी_पिकअप:
नमस्कार मंडळी. माझी पिकअप जुनी आहे, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे डिस्क मागे ड्रम. ऐंशीच्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरतं, पेडलपण पायाखाली धडधडतं. सात हजार किलोमीटरपूर्वी एका गॅरेजमधून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन टाकून घेतले होते, तेव्हा गाडी लोण्यासारखी थांबायची, दोन-तीन महिने गेले आणि परत तेच सुरू. त्यात आता साठच्या पुढे पुढून घुंऽऽ असा आवाज येतो, न्यूट्रल केली तरी जात नाही, डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे वळताना जवळजवळ बंद होतो. डिस्क परत वाकल्या का? की मालच खराब होता? या वेळी घरीच करायचं ठरवलंय, जॅक, घोड्या, टॉर्क पाना सगळं आहे, पण बेअरिंगला आजवर हात लावलेला नाही. कुठून सुरुवात करू ते सांगा.

ग्रीसचे_हात:
आवाजाचं आधी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणजे तुमचं उजवं बेअरिंग गेलंय असं धरून चाला. खात्री करायला चाक उचला, घोडी लावा, टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खुळखुळ लागली तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ती खुळखुळ, गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) बघा. मग चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात नकलवर (चाकामागचा न फिरणारा लोखंडी भाग) ठेवा, गेलेल्या बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

डिस्क बदलायच्या आधी एक बघा, ती हबवर (चाक ज्यावर आवळतात तो मधला फिरणारा भाग) समोरून नुसती सरकवलेली आहे, हब-डिस्क एकाच ओतकामाची आहे, की हबच्या मागून बोल्टने आवळलेली आहे? सगळं काम त्यावर ठरतं.

जुनी_पिकअप:
आत्ता चाक काढून बघितलं. मागून बोल्टने आहे, सहा बोल्ट. मधे टोपी आहे, ती काढली तर आत नट आणि स्प्लिट पिन. उजव्या चाकाला प्ले आहे, ब्रेक दाबला की जातो.

ग्रीसचे_हात:
मग दोन्ही कामं एकदमच करा, कारण या प्रकारात डिस्क काढायला हब काढावंच लागतं आणि हब काढलं की बेअरिंग हातात येतंच. आतलं सील (ग्रीस आत धरून ठेवणारी कडी) तर तसंही नवीन लागणार.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डिस्क वाकत नाही हो बहुतेक वेळा, ती वाकडी बसवलेली असते. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर गंजाची पापडी राहते, ती न घासता नवीन डिस्क आवळली की डिस्क किंचित तिरकी बसते. हबच्या कडेशी केसाएवढा फरक असला तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो वाढून दिसतो, कारण ती मध्यापासून आणखी लांब आहे. पहिल्याच दिवशी हे जाणवत नाही, म्हणून गॅरेजमधून निघताना सगळं झकास वाटतं. पण ब्रेक न मारता गाडी चालत असते तेव्हाही डिस्कचा तो उचललेला भाग दर फेरीला पॅडला घासत जातो, हजारो किलोमीटर. तेवढ्या जागी डिस्क पातळ होते. मग ब्रेक मारला की जाड भागावर पिस्टन मागे ढकलला जातो आणि पातळ भागावर पुढे येतो, तेच पेडलला धडधडतं. जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी पुरे होतो. बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क आणखीच डुलते. म्हणून मालाला दोष देऊ नका, आणि नुसत्या नवीन डिस्क टाकून परत फसूही नका.

लेथवाला:
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. मी थोडं प्रत्यक्ष कामाचं लिहितो.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की तारेने चेसिसला टांगा, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. हब बाहेर आलं की सील उचकटा, बेअरिंग काढा, आतले दोन्ही कप (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, ज्यात रोलर फिरतात) पितळी दांड्याने मागून ठोकून पाडा. कप चांगला दिसतोय म्हणून जुना ठेवून नुसते रोलर नवीन टाकू नका, कप आणि रोलर जोडीनेच बदलायचे. नवीन कप बसवताना जुना कप उलटा वर ठेवून त्यावर ठोका, आणि कान देऊन ऐका. कप सरकत असतो तोवर आवाज पोकळ येतो, तळाला टेकला की एकदम भरीव, घट्ट ठण्ण वाजतो. तो आवाज येईपर्यंत सगळीकडून फिरवत ठोका. अर्धवट बसलेला कप नंतर सरकतो आणि बेअरिंग ढिलं पडतं.

ग्रीस बोटाने वरून फासू नका. तळहातावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, पलीकडून रोलरच्या फटीतून ग्रीस किड्यासारखं बाहेर यायला लागलं की पुढचा रोलर. जुनं ग्रीस आधी पूर्ण धुऊन टाका, दोन जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहू शकतात. आणि ग्रीस डिस्क ब्रेकला चालणारं, जास्त तापमानाचंच घ्या.

मग हबचं तोंड. वायर ब्रशने चमकेपर्यंत घासा, बोल्टच्या भोकांच्या कडाही, तिथेच पापडी लपते. नवीन डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा. बोल्ट समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत आवळा.

नट: चाक फिरवत फिरवत आधी जरा जोराने आवळा म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात, मग पूर्ण सोडा, मग मॅन्युअलमध्ये दिलंय तसं हलकं आवळा. काही गाड्यांत हब फिरायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने चाकाचा स्टड ओढून बघायचं असतं, तसं असेल तर तेच करा, अंदाज नको. स्प्लिट पिन नवीनच, भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे नाही. या बेअरिंगचा जीव जास्त आवळण्यात जातो.

शेवटी डायल गेज (डिस्क किती डुलते ते मिमीमध्ये दाखवणारं घड्याळासारखं माप) लावून डिस्क हळू फिरवा. ०.०५ मिमीच्या आत आली तर उत्तम, ०.१ च्या वर गेली तर काढा, हबवर एक-दोन भोकं फिरवून लावा, परत बघा.

घाटातला_ड्रायव्हर:
एकच जोडतो, पॅडही नवीन टाका, जुन्या डिस्कवर घासलेले पॅड नवीन डिस्कवर नीट बसत नाहीत. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का बघा. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा, पिस्टन मागे ढकलल्यामुळे पहिली दाब पोकळ जाते. हे विसरून गाडी थेट भिंतीवर गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. नंतर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मधे गाडी थंड होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका.

जुनी_पिकअप:
झालं काम! दोन दिवस लागले. उजव्या हबवर नखाने निघेल अशी गंजाची पापडी खरंच होती, एका बोल्टच्या भोकाजवळ, आणि तिचा ठसा डिस्कच्या मागच्या बाजूला जशाच्या तसा उमटलेला. बाहेरच्या कपावर रोलरच्या अंतरावर काळपट खड्डे पडलेले. कप बसतानाचा तो बदललेला आवाज आला तेव्हा फार बरं वाटलं. पहिल्यांदा गेज ०.१३ दाखवत होतं, डिस्क दोन भोकं फिरवून लावली तर ०.०४. डावीकडे सरळ ०.०३ आलं.

घुं आवाज गेला, ऐंशीवर ब्रेक मारला तरी स्टिअरिंग शांत. शंभर किलोमीटर झाले, आज चाकाचे नट परत टॉर्क पान्याने तपासले आणि हबला हात लावून बघितला, दोन्ही बाजू सारख्याच कोमट आहेत. सात हजार किलोमीटर झाले की गेज परत लावून इथेच आकडा टाकतो.