मदत हवी आहे : १८९३ ची इनांगाहुआची पोटनिवडणूक

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी न्यूझीलंडमधल्या एका जुन्या पोटनिवडणुकीवर लिहितेय आणि अडले आहे.

एप्रिल १८९३ मध्ये पंतप्रधान जॉन बॅलन्स वारले. आपल्यामागे वकील आणि माजी पंतप्रधान रॉबर्ट स्टाउट यावेत अशी त्यांची इच्छा होती, पण स्टाउट तेव्हा आमदारच नव्हते. १८८७ ला हरले होते. खुर्ची रिचर्ड सेडन यांच्याकडे गेली. स्टाउट जूनमध्ये इनांगाहुआतून निवडून आले, तोवर वेळ गेली होती. काही आठवड्यांच्या फरकाने देशाची दिशा बदलली, हे मला फार चटका लावून जातं.

इनांगाहुआ हा मतदारसंघ दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘वेस्ट कोस्ट’ भागातला, म्हणजे डोंगर, नदी, सोन्याच्या खाणी. मुख्य गाव रीफ्टन. तिथे १८८८ पासून रस्त्यावर विजेचे दिवे होते! पण त्या उजेडात मतदानाला गेले ते फक्त पुरुष. बायकांच्या मताधिकाराचा कायदा त्याच वर्षी १९ सप्टेंबरला झाला, आणि स्टाउट त्याचे खंदे समर्थक.

माझी नेमकी अडचण: खाणकामगारांनी या बाहेरच्या वकिलाला मत का दिलं? ‘पेपर्स पास्ट’ या न्यूझीलंडच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळावर रोज रात्री जुनी वर्तमानपत्रं चाळतेय, पण बारीक टाइपाचे रकाने पुसट आहेत, शोधात नावं सापडत नाहीत. कोणते शब्द टाकून शोधू? वेलिंग्टनमधल्या कुणाला अभिलेखागारात त्या वर्षीची मतदारयादी बघून देता येईल का? आणि वेस्ट कोस्टच्या खाणकामगार संघटनांवर चांगलं पुस्तक माहीत असेल तर कृपया सांगा. मजकूर महिनाअखेर द्यायचाय.