ट्यूब्युलर काढून लिथियम: इन्व्हर्टरचं सेटिंग काय ठेवायचं?

उन्हाळकर
घरी २४ व्होल्टचा २ केव्हीए सोलर इन्व्हर्टर, १ किलोवॉट पॅनेल, १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या. त्या आता तासाभरात मान टाकतात. त्याजागी २५.६ व्होल्ट १०० एएच लिथियम फॉस्फेट घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, जुनी काढा, नवी जोडा, झालं. इन्व्हर्टरला लिथियम मोड नाही, पण व्होल्टेज हाताने भरता येतात. रात्रभर फ्रिज, चार पंखे, राउटर. जमेल?

तारजोड
आकडे भरता येतात ना, मग जमेल. बूस्ट (पूर्ण चार्ज करतानाचं व्होल्टेज) २८.२, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं) २७, लो कट (याखाली गेलं की इन्व्हर्टर बंद) २४. इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय असेल तर तीही बंद. इक्वलायझेशन विसरू नका: ट्यूब्युलरसाठी ते ३१ व्होल्टच्या आसपास जातं. आत आठ सेल सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येकाला ३.८७, मर्यादा ३.६५ची. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, भर उन्हात बॅटरी तोडतो आणि पॅनेलचा करंट जायला जागा उरत नाही. चार्ज कंट्रोलर असेच जळतात.

फेज_न्यूट्रल
बॅटरीच्या कागदावर बूस्ट २९.२ लिहिलेलं असेल, मोहात पडू नका, शेवटच्या त्या व्होल्टमध्ये फारसं काही भरत नाही. पण बूस्ट २७.६च्या खालीही ठेवू नका. बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, साधारण सेलला ३.४ आल्यावर सुरू होतं.

लो कट कंपनीच्या २१वर राहू दिलात तर सेल २.६वर येतो. एखादा सेल कच्चा असला की बीएमएस आधीच तोडतो, आणि टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही म्हणून बरेच इन्व्हर्टर सकाळी चार्जिंगच सुरू करत नाहीत.

वायर: १६०० वॉटला ७५ अँपिअर ओढले जातात. २५ चौरस मिमी तांबं, लांबी दीड मीटरच्या आत, पॉझिटिव्हला बॅटरीलगत १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसी एमसीबी तिथं लावू नये, डीसीची ठिणगी त्याला विझवता येत नाही. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. वॉशर मध्ये गेला की जोड तिथंच तापतो.

उन्हाळकर
डिस्प्लेवरचे टक्के बरोबर दाखवेल का?

तारजोड
नाही. २६.८ ते २६ एवढ्यातच बहुतेक बॅटरी रिकामी होते. व्होल्टेजवरून अंदाज लावणारा मीटर पहाटेपर्यंत भरलेली दाखवतो आणि मग एकदम कोसळतो. शंटवाला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर घ्या.

रात्रपाळी
मूळ हिशेबच कुणी केला नाही. बॅटरी २५.६ गुणिले १००, म्हणजे २.५६ युनिटची; त्यापैकी ८० टक्के म्हणजे २ युनिट, इन्व्हर्टरची तूट वजा जाता १.८. साधे चार पंखे, ७५ वॉट, आठ तास: २.४ युनिट. फ्रिज अजून बाकीच आहे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे २८ वॉटचे, चारांचे ०.९ युनिट. त्यावर फ्रिजचे रात्रीचे अर्धा-पाऊण आणि राउटर म्हटलं तरी जेमतेम बसतं. आधी पंखे बदला. बॅटरी पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नका.